घरपोच करवत

सुताराने नवी करवत विकत घ्यावयाची म्हणजे पूर्वी तो एक लहानसा समारंभच असे. मुंबईची नागदेवी असो, पुण्याची बोहरी आळी असो, की तालुक्याच्या गावचे एकुलते एक लोखंडी सामानाचे दुकान असो, तेथे गेल्यावर तो प्रथम पाते हातात घेई. नखाने टिचकी मारून त्याचा नाद ऐके. ते किंचित वाकवून सोडून देई आणि पुन्हा सरळ होते की नाही ते पाही. शेवटी एक डोळा मिटून दात्यांच्या ओळीवरून नजर फिरवी. दुकानदारही घाई करीत नसे. गिऱ्हाईक साग चिरणार की आंब्याच्या फळ्या पाडणार, हे तो आधी विचारून घेई. बाजूला उभा असलेला दुसरा एखादा सुतार आपले मत न विचारताच देऊन टाकी. पैशाची देवघेव अगदी शेवटी होई; त्याआधी होई ती पारख.

आज करवत विजेवर चालते आणि बाजार मोबाइलच्या पडद्यावर भरतो. सावंतवाडीचा खेळणी करणारा कारागीर, इंदूरचा फर्निचर बनविणारा मिस्त्री आणि निवृत्तीनंतर घरच्या गच्चीवर लाकूडकामाचा छंद जोपासणारा बडोद्याचा एखादा गृहस्थ हे तिघेही एकाच दुकानासमोर उभे असतात. रात्री दहा वाजता बोट टेकवावे आणि चौथ्या दिवशी खोके दारात यावे, इतके हे सुलभ झाले आहे. या सुलभतेला नावे ठेवण्याचे कारण नाही. आडगावच्या कारागिराला मोठ्या शहरातल्या कारागिराइतकीच निवड करण्याची संधी मिळावी, हा एक प्रकारचा न्यायच आहे. एका हत्यारासाठी दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याचे त्याचे कष्टही वाचले आहेत.

दुरून माल मागविण्याची पद्धत तशी नवीन नाही. आपल्या देशात टपालखात्याने १८७७ साली व्ही. पी.ची सोय सुरू केली, आणि पुढे कित्येक पिढ्यांनी पुस्तके, औषधे नि घड्याळे ‘व्ही. पी.ने’ मागविली. पोस्टमनच्या हाती पैसे ठेवावेत आणि पुडके घ्यावे, हा तो व्यवहार. आजची ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ ही त्या व्ही. पी.चीच नात होय. परंतु व्ही. पी.ने आलेले घड्याळ बंद निघाले, तर फार तर वेळ कळत नसे. विजेच्या करवतीची गोष्ट वेगळी आहे. तिची निवड चुकली, तर चुकीची किंमत रुपयांत मोजली जाईलच असे नाही. ती बोटांतही मोजली जाऊ शकते. दुकानदार, शेजारचा जाणता सुतार आणि हत्याराचे हाताला कळणारे वजन, हे तीन साक्षीदार या नव्या बाजारात गैरहजर असतात. त्यांचे काम आता ग्राहकाला एकट्याने, तेही घरी बसून, करावे लागते.

हे काम कोणते, ते नीट समजण्यासाठी या हत्याराचा स्वभाव ओळखला पाहिजे. लाकूड कापणाऱ्या गोल पात्याचा उल्लेख इंग्लंडमध्ये सॅम्युअल मिलर याने १७७७ साली घेतलेल्या पेटंटमध्ये आढळतो. पण ते पाते दीर्घकाळ गिरणीतच फिरत राहिले. ते माणसाच्या हातात आले विसाव्या शतकात. अमेरिकेत एडमंड मिशेल याने १९२४ च्या सुमारास हातात धरून चालविण्याची विजेची गोल करवत बाजारात आणली. जर्मनीत आंद्रेआस श्टील याने १९२६ साली विजेवर चालणारी साखळीची करवत बनविली. आणि नक्षी कापणारी, वळणे घेणारी जी ‘जिगसॉ’ आज घरोघर दिसते, तिचा जन्म १९४६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये झाला. आल्बर्ट काउफमान नावाच्या तंत्रज्ञाने शिवणयंत्राच्या सुईच्या जागी करवतीचे पाते बसवून पाहिले, आणि त्या खटाटोपातून हे हत्यार निघाले, असे सांगतात. शिवणयंत्राची सुई जशी वर-खाली नाचते, तसेच जिगसॉचे पाते नाचते; ते डोळ्यांसमोर आणले की तिचे गुण व मर्यादा दोन्ही ध्यानात येतात.

यातच खरेदीचा पहिला नियम दडलेला आहे. पडद्यावर ‘करवत’ हा शब्द टाकला की डझनावारी चित्रे समोर येतात. पण त्यांतली प्रत्येक करवत वेगळ्या कामाची आहे. प्लायवूडचे मोठे तक्ते सरळ रेषेत कापायचे असतील, तर गोल पात्याची करवत हवी. कमान, गोलाई, खेळण्याचा आकार कापायचा असेल, तर जिगसॉ हवी. पडलेल्या झाडाचे ओंडके करायचे असतील, तर साखळीची करवत लागेल. आणि तिच्याबरोबर हेही लक्षात ठेवावे लागेल, की करवत विकत घेतल्याने उभे झाड तोडण्याचा परवाना मिळत नाही. महाराष्ट्राच्या शहरी भागांत वृक्षांच्या जतनासाठी १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे, आणि पूर्वपरवानगीवाचून झाड पाडणे हा त्यात गुन्हा आहे. ‘काय कापायचे’ हे ठरविण्याआधी ‘कितीला मिळते’ हे पाहणारा ग्राहक अर्धी बाजी तेथेच हरतो.

दुसरी गोष्ट वेगाची. हातकरवतीचा वेग म्हणजे माणसाच्या दमाचा वेग. दम संपला की करवत थांबते. विजेच्या करवतीला असा दम नसतो. सात इंची, म्हणजे सुमारे १८५ मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला पाच हजार फेरे घेते असे धरले, तर त्याच्या कडेचा दाता ताशी सुमारे १७४ किलोमीटर वेगाने पुढे धावत असतो. महामार्गावरील मोटारीलाही न दिलेला हा वेग कारागिराच्या मनगटापासून वीतभर अंतरावर असतो. लाकडाची चीर मिटून पाते त्यात अडकले, तर ही सारी शक्ती उलट दिशेने उसळते आणि करवत क्षणार्धात माणसाच्या अंगावर येते. यास कारागीर ‘किक मारणे’ म्हणतात. म्हणूनच चांगल्या गोल करवतीला खालच्या बाजूने एक हलते झाकण असते. कापताना ते मागे सरते आणि पाते लाकडाबाहेर येताच स्प्रिंगच्या जोराने आपोआप मिटते. संपूर्ण यंत्रातील स्वस्त भागांपैकी हा एक. पण माणसाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा.

दुर्दैवाने नेमका हाच भाग वाचविण्याकडे आपल्याकडे कल दिसतो. फरशी कापण्याचे चार इंची यंत्र, ज्याला बाजारात ‘मार्बल कटर’ म्हणतात, ते गोल करवतीपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. त्याला लाकडाचे दातेरी पाते बसवायचे आणि करवत म्हणून चालवायचे, हा प्रकार देशभरच्या कामांवर सर्रास आढळतो. फरशीच्या हिऱ्याच्या पात्याला दाते नसतात. त्याला पाणी लागते, ते घासत जाते, लाकडात रुतत नाही. लाकडाचे पाते मात्र दात्यांनी लाकूड पकडते. शिवाय हे यंत्र मिनिटाला बारा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरते. ११० मिलिमीटरच्या पात्यासाठी हिशेब केला, तर दात्याचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात जातो. आणि त्याच्या पात्याचा खालचा अर्धा भाग उघडाच असतो. तेथे मिटणारे झाकणच नाही. कित्येक ठिकाणी तर हेच यंत्र फळीखाली उलटे बांधून, वर आलेल्या पात्यावर लाकूड ढकलले जाते. ग्राइंडरला बसणाऱ्या दातेरी किंवा साखळीच्या चकत्याही अशाच स्वस्त आणि अशाच घातक. ग्राइंडरच्या माहितीपुस्तिकांत अशा चकत्या लावू नयेत असा स्पष्ट इशारा असतो. पण ज्या पानावर चकती विकली जाते, त्या पानावर तो इशारा ग्राहकाला दिसेलच असे नाही. दुकानातला म्हातारा मुनीम ‘हे याला लावू नका’ असे म्हणाला असता. पडद्यावरील यादी मात्र ‘हे घेणाऱ्यांनी हेही घेतले’ एवढेच म्हणते.

तिसरी गोष्ट आकड्यांची. चित्राखालील बारीक अक्षरांतला तक्ता हाच या बाजारातला खरा दुकानदार होय. त्याचे म्हणणे शांतपणे ऐकावे. सात इंची करवतीचा वॅटचा आकडा साधारण १००० ते १४०० असतो. आपल्याकडील २३० व्होल्टच्या दाबावर १४०० वॅटचे यंत्र सहा ॲम्पियरहून किंचित अधिक प्रवाह ओढते. म्हणजे खोलीतल्या पंख्या-दिव्याच्या लहान प्लगवर ते चालविणे योग्य नव्हे. त्याला मोठा पॉवर प्लग आणि जाड तारेची जोडवायर हवी. बारीक तारेची लांब वायर वापरली, की व्होल्टेज घटते, मोटर तापते, आणि मग दोष यंत्राच्या माथी मारला जातो. परदेशातून थेट मागविलेल्या यंत्राबाबत तर व्होल्टेज आधी पाहावे. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची आणि जपानातील १०० व्होल्टची असल्याने तिकडचे यंत्र आपल्या प्लगात घातले की त्याचा तत्काळ निकाल लागतो.

बॅटरीवर चालणाऱ्या करवतींच्या बाबतीत दोन फसगती नेहमीच्या आहेत. किंमत आश्चर्य वाटण्याजोगी कमी दिसली, तर ‘बेअर टूल’ किंवा ‘सोलो’ असे शब्द कोठे लिहिले आहेत का ते शोधावे. त्याचा अर्थ असा, की खोक्यात केवळ यंत्र येईल. बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतील. त्या दोहोंची किंमत मिळवली, की स्वस्ताई बहुधा विरघळून जाते. दुसरी फसगत ‘१८ व्होल्ट’ व ‘२० व्होल्ट मॅक्स’ या शब्दांची. दोन्हींत पाच-पाच घटांची तीच माळ असते. पूर्ण भरल्यावर क्षणभर दिसणारा आकडा वीस, आणि कामाच्या वेळचा अठरा. दोन व्होल्टसाठी अधिक पैसे मोजणारा ग्राहक केवळ नावाला पैसे देतो.

पात्यांचाही असाच विचार आहे. दाते कमी, तर काप भराभर पण खरबरीत. दाते अधिक, तर काप सावकाश पण स्वच्छ. लाकूड रेषेच्या दिशेने चिरण्यास चोवीस दात्यांचे पाते चालते. प्लायवूडची कड फुटू द्यायची नसेल, तर चाळीस किंवा साठ दात्यांचे हवे. पात्याच्या मध्यावरील छिद्र यंत्राच्या दांड्याशी तंतोतंत जुळले पाहिजे. आणि पात्यावर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांहून अधिकच असली पाहिजे. हा शेवटचा आकडा जुळवून पाहण्यास अर्धे मिनिट लागते. तो न पाहिल्यास पात्याचा तुटलेला दाता कोठे जाईल, हे कोणासही सांगता येत नाही.

यानंतर प्रश्न विक्रेत्याचा. पुष्कळांची समजूत असते, की ज्या मोठ्या नावाच्या दुकानातून आपण माल घेतला, त्यानेच तो विकला. वस्तुतः अशी पुष्कळ दुकाने आठवड्याच्या बाजारासारखी असतात. मैदान ग्रामपंचायतीचे, पाले निरनिराळ्या व्यापाऱ्यांची. म्हणून मैदानाचे नाव पाहून थांबू नये. पाल कोणाचे आहे ते पाहावे. विक्रेत्याचे नाव व पत्ता, मालाचा मूळ देश, माल परत घेण्याच्या व हमीच्या अटी ही माहिती ग्राहकासमोर ठेवणे २०२० च्या ई-व्यापारविषयक ग्राहक संरक्षण नियमांनी बंधनकारक केले आहे. जेथे ही माहिती सापडत नाही, तेथे खरेदी न करणे हेच शहाणपण. त्याचबरोबर आपल्या जिल्ह्यात त्या यंत्राचे दुरुस्तीकेंद्र आहे का, कार्बन ब्रश व स्विच सुटे मिळतात का, याची चौकशी पैसे भरण्याआधी करावी. ज्या करवतीचा दोनशे रुपयांचा स्विच मिळत नाही, ती करवत कितीही स्वस्त असली, तरी महागच पडते.

लोकांचे अभिप्राय वाचावेत, पण पारखून वाचावेत. माल हाती पडला त्याच दिवशी लिहिलेला अभिप्राय बहुधा खोक्याचा असतो, करवतीचा नव्हे. सहा महिने काम करून लिहिणारा माणूस तारकांची उधळण करीत नाही. तो मोटर कितपत तापते, झाकण कोठे अडते, तळपट्टी काटकोनात राहते की नाही, हे सांगतो. असा एक अभिप्राय शंभर स्तुतिसुमनांपेक्षा मोलाचा. खोट्या अभिप्रायांचा उपद्रव एवढा वाढला, की भारतीय मानक संस्थेला २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध करावे लागले, यावरून काय ते समजावे.

खोके दारात आले, की पूर्वी दुकानात होणारी पारख घरी करावयाची असते. खोके उघडतानाचे चित्रण मोबाइलवर करून ठेवावे. तक्रारीच्या वेळी तेच साक्षीदार होते. यंत्रावरचा क्रमांक बिलाशी व हमीपत्राशी ताडून पाहावा. मग प्लग न लावता खालचे झाकण बोटाने मागे ओढून सोडावे. ते पूर्णपणे, झटक्यासरशी मिटले पाहिजे; रेंगाळले किंवा मध्येच अडकले, तर ते यंत्र त्याच दिवशी परत करावे. पाते हाताने हलवून दांडा डगमगत नाही, हे पाहावे. पात्यावरील बाण आणि यंत्रावरील बाण एकाच दिशेला आहेत ना, याची खात्री करावी. या साऱ्याला दहा मिनिटे पुरतात. पण परत करण्याची मुदत मोजक्याच दिवसांची असते, आणि कित्येक वस्तूंना पैसे परत न मिळता केवळ बदली माल मिळतो; म्हणून खोके ‘काम निघेल तेव्हा पाहू’ म्हणून माळ्यावर टाकणे योग्य नव्हे.

एवढे करूनही माल सदोष निघाला, तर ग्राहक निराधार नाही. तक्रार मिळाल्याची पोच अठ्ठेचाळीस तासांत देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे हे ई-व्यापार संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवेचा दूरध्वनी क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक फार मोठी सोय केली. ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथल्याच जिल्हा आयोगाकडे त्याला दाद मागता येते. विक्रेता दिल्लीचा असला, म्हणून कुडाळच्या सुताराने दिल्लीला खेटे घालावेत असे नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. कारागिराने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘तू हे यंत्र धंद्यासाठी घेतलेस, तू ग्राहकच नव्हेस’, असे त्याला कोणी सांगितले, तर त्याने ते ऐकून गप्प बसू नये. स्वतःच्या कष्टाने स्वतःची उपजीविका करण्यासाठी घेतलेले साधन हे कायद्याच्या दृष्टीने व्यापारी खरेदीत मोडत नाही. अर्थात हे सारे हक्क एका कागदावर उभे असतात, तो म्हणजे बिल. बिलावाचून मिळणारी सूट ही सूट नव्हे. ती आपल्या हक्काची विक्री होय.

कारागिराच्या हाती चांगले हत्यार असावे, ही आता शासनाचीही चिंता आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे आणि त्यांत सुतार आहे. साधनांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि त्याबरोबर प्रशिक्षण, अशी तिची रचना आहे. यातील दुसरा शब्द पहिल्याइतकाच महत्त्वाचा. यंत्र घरपोच येते. ते चालविण्याचे कसब घरपोच येत नाही. ते कोणातरी जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागते. डोळ्यांवर चष्मा, कानांवर रक्षक आणि नाकावर चांगली पट्टी यांचे पैसे करवतीच्या किमतीतच धरावेत. लाकडाची धूळ कर्करोगास कारण होते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच नोंदविले आहे. सैल बाह्या आणि सैल हातमोजे मात्र फिरत्या पात्याजवळ कटाक्षाने टाळावेत. पाते कापडाला ओढते आणि कापड हाताला.

अमेरिकेतील स्टीफन गास या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाने १९९९ साली एक युक्ती शोधली. माणसाची त्वचा पात्याला लागताच विजेच्या सूक्ष्म फरकावरून यंत्राला ते कळावे, आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून सेकंदाच्या पाच सहस्रांश भागात ते थांबावे. २००४ पासून तशा मेज-करवती विक्रीस आल्या. लाकूड आणि बोट यांतला फरक यंत्राला शिकविता येतो, हे त्याने दाखवून दिले. पण आपल्याकडे सामान्य कारागीर जी करवत मागवितो, तिला हा विवेक नाही. सागाची फळी आणि माणसाचा अंगठा तिला सारखेच. तो विवेक वापरणाऱ्याला, आणि त्याही आधी विकत घेणाऱ्याला, आपल्याकडून पुरवावा लागतो.

नव्या बाजाराने अंतर मिटविले, वेळ वाचविला, निवड वाढविली. पारख मात्र त्याने ग्राहकावर सोपविली आहे. टिचकी मारून नाद ऐकण्याची सोय आता राहिली नाही. तिच्या जागी तक्ता वाचण्याची, विक्रेता ओळखण्याची आणि झाकण ओढून पाहण्याची सवय लागली पाहिजे. हजार-दीड हजार रुपयांच्या सुटीचा मोह झाला, तर ग्राहकाने एक क्षण स्वतःच्या हाताकडे पाहावे. सदोष करवत आठ दिवसांत परत करता येते, पैसेही परत मिळतात. परत न मिळणारी वस्तू त्या हातालाच असते.